जुनापाणीची शिळावर्तुळे

दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वऱ्हाडातून हजारो उपासक-उपासिका नागपूरला जातात. दीक्षाभूमीला वंदन करून, पुस्तकांच्या दुकानांतून फेरी मारून रात्रीच्या गाडीने परत येतात. त्याच नागपूर शहरापासून काटोल रस्त्याने दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी नावाचे ठिकाण आहे आणि तेथील माळावर व आसपास सुमारे तीनशे दगडी वर्तुळे आहेत, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ही वर्तुळे म्हणजे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची दफनस्थाने होत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने ती संरक्षित केलेली आहेत. प्रस्तुत लेखात या वर्तुळांची आणि ती रचणाऱ्या लोकांची ओळख करून देण्याचा विचार आहे. इतिहास हा विषय घेणाऱ्या आणि स्पर्धा परीक्षांना बसणाऱ्या विद्यार्थी मित्रांनी तो विशेष लक्षपूर्वक वाचावा.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. दगड दिसले की आपण लगेच 'अश्मयुगीन' म्हणून मोकळे होतो. अश्मयुग म्हणजे ज्या काळात माणसाची हत्यारे दगडाची होती तो काळ. त्यातला शेवटचा टप्पा नवाश्मयुग. त्या काळी माणूस शेती करू लागला, घासून गुळगुळीत केलेली दगडी कुऱ्हाड वापरू लागला. युरोपात नवाश्मयुगातील माणसांनी मृतांसाठी प्रचंड मातीचे व दगडांचे ढिगारे रचले. आयर्लंडमधील न्यूग्रेंज हा असाच एक ढिगारा सुमारे ५२०० वर्षांपूर्वीचा आहे. डिसेंबर महिन्यात वर्षातील सर्वांत लहान दिवशी उगवत्या सूर्याचा किरण त्याच्या आतल्या दालनापर्यंत पोहोचतो. आपल्या जुनापाणीची वर्तुळे दिसायला त्याच कुळातली वाटतात, पण ती बांधणाऱ्यांच्या हातात दगडी कुऱ्हाड नव्हती, लोखंडाची होती. म्हणून अभ्यासक यांना नवाश्मयुगीन न म्हणता 'महापाषाणीय' म्हणतात. मोठमोठे पाषाण वापरून केलेली स्मारके, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. काळ मात्र लोहयुगाचा. परीक्षेत हा फरक विचारला जातो आणि उत्तर पुष्कळदा चुकते.

हे वर्तुळ कसे करीत? जमीन निवडताना बहुधा माळरान, खडकाळ उंचवटा निवडीत. काळी कसदार जमीन नांगराला ठेवायची आणि मृतांना माळावर न्यायचे, हा व्यवहार कोणत्याही शेतकऱ्याला समजेल. तेथे काळ्या दगडाचे मोठाले गोटे गोलाकार मांडीत. लहान वर्तुळे सात-आठ मीटर व्यासाची, तर मोठी वीस मीटरच्या आसपास जातात. या कड्याच्या आत अस्थी ठेवीत, सोबत मडकी, हत्यारे, दागिने ठेवीत आणि त्यावर माती, मुरूम व लहान दगड यांची भर घालीत. जुनापाणीच्या काही वर्तुळांत आत चिकट काळी माती भरलेली आढळली. माळावर अशी माती नसते, ती खालून वाहून आणावी लागते. बैलगाड्या भरून असो वा टोपल्यांनी असो, एका मृतासाठी किती माणसे किती दिवस राबली असतील, याचा अंदाज ज्याने शेतात गाळ टाकला आहे त्यालाच येईल. काळाच्या ओघात भर खचली आणि आज मध्यभागी थोडासा फुगवटा व भोवती गोट्यांचे कडे एवढेच शिल्लक दिसते. अजिंठा पाहून आलेल्या माणसाला तेथे गेल्यावर निराशा वाटण्याचा संभव आहे.

पुष्कळ ठिकाणी सबंध देह न पुरता, देह आधी उघड्यावर ठेवून किंवा अन्यत्र पुरून नंतर निवडक अस्थी वर्तुळात ठेवीत असत, असे उत्खननात दिसून आले आहे. आजही आपल्या देशातील काही आदिवासी समाजांत मृतासाठी दगड उभारण्याची चाल आहे. गडचिरोली व बस्तरकडील माडिया, झारखंडातील मुंडा, मेघालयातील खासी ही त्याची उदाहरणे. त्यामुळे शहरात बसून ज्याला आपण 'गूढ' म्हणतो, ते भामरागडकडच्या म्हाताऱ्या माणसाला फारसे गूढ वाटणार नाही.

या वर्तुळांकडे अभ्यासू नजरेने प्रथम पाहिले ते इंग्रज अधिकाऱ्यांनी. त्यांत जे. एच. रिव्हेट-कार्नॅक हे नाव महत्त्वाचे. हे गृहस्थ मध्य प्रांत व वऱ्हाडचे कॉटन कमिशनर होते. म्हणजे ज्या माणसाचे मुख्य काम आपल्याकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांपर्यंत पोहोचवण्याचे, त्याच माणसाने जुनापाणीची वर्तुळे उकरली आणि १८७९ मध्ये एशियाटिक सोसायटी ऑफ बंगालच्या नियतकालिकात त्यावर लेख प्रसिद्ध केला. येथे मिळालेल्या काही वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कापसाच्या गाठींबरोबर त्याही गेल्या, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र त्याने लेख लिहून ठेवला म्हणून पुढच्या संशोधकांना धागा मिळाला, हेही मान्य केले पाहिजे.

स्वातंत्र्यानंतर १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर यांनी जुनापाणी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. विदर्भातील महापाषाणीय संस्कृतीचे चित्र खऱ्या अर्थाने उभे केले ते डॉ. शां. भा. देव यांनी. ते नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास शिकवीत आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. १९६८-६९ मध्ये टाकळघाट-खापा, १९७० ते १९७२ माहुरझरी आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांच्यासोबत १९७८ ते १९८० नैकुंड, ही त्यांची उत्खनने. ही सर्व ठिकाणे नागपूर जिल्ह्यात आहेत. त्यांची विशेषता अशी की त्यांनी केवळ दफने उघडली नाहीत, तर तेथील माणसे राहत कोठे याचाही शोध घेतला. नाहीतर या लोकांबद्दल आपल्याला त्यांच्या मरणापलीकडे काहीच कळले नसते.

आता वर्तुळांच्या पोटात काय निघाले ते पाहू. काळ्या-तांबड्या रंगाची मडकी, म्हणजे आतून व काठाशी काळी आणि बाहेरून तांबडी अशी भांडी, हे या लोकांचे ठळक चिन्ह. लोखंडाच्या वस्तूंची तर रेलचेल आहे : सपाट कुऱ्हाडी, खंजीर, भाले, छिन्न्या, कुदळी, कढया, बांगड्या. कुऱ्हाडीचे पाते दांड्याला पक्के बसावे म्हणून फुलीच्या आकारात वळवलेल्या लोखंडी पट्ट्यांनी ते जखडलेले असे. ही विदर्भाच्या लोहारांची खास पद्धत. नैकुंड येथे पेंच नदीच्या काठी वस्तीच्या जागेत लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. वक्र विटांची गोल भट्टी, भात्याची मातीची नळी, लोखंडाचा मळ, असा सगळा संसार जागेवर होता. म्हणजे हे लोखंड बाहेरून विकत आणलेले नव्हते, येथेच गाळले होते. माहुरझरीला अकीक व तत्सम रंगीत दगडांचे मणी करण्याचे काम चाले. भारतात लोखंड कोणी आणले या वादात गंगेच्या खोऱ्याचे नाव नेहमी पुढे असते. आपल्या विदर्भाचे नाव त्याच्या बरोबरीने घेतले जावे इतका पुरावा येथे आहे, असे माझे मत आहे.

आणि घोडा. या लोकांच्या जीवनात घोड्याला फार मोठे स्थान होते. जुनापाणी, माहुरझरी, नैकुंड या सर्व ठिकाणी अश्वकुळातील प्राण्यांचे अवशेष मृत माणसासोबत मिळाले आहेत. घोड्याच्या तोंडात द्यावयाचे लोखंडी लगाम मिळाले. माहुरझरीला घोड्याच्या तोंडावर बांधावयाचा तांब्याच्या पत्र्याचा अलंकार मिळाला. धन्याबरोबर त्याचा घोडाही मारून पुरला जात असावा, असे अनुमान निघते. एखाद्या दफनात सोने आणि घोडा आहे, तर शेजारच्या दफनात चार मडक्यांपलीकडे काही नाही. शिवाय सगळ्या गावाला असे वर्तुळ लाभणे शक्यच नव्हते. दगड ओढणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसांना कोठे ठेवले, त्याची खूण माळावर नाही. उच्च-नीच भाव त्या काळीही होता, हे दगडच सांगतात. मात्र त्याला जातिव्यवस्था म्हणता येईल असा कोणताही पुरावा नाही, हे ध्यानात ठेवावे.

हे लोक कोण? येथे आपल्या मंडळींत एक मत ऐकू येते की ही वर्तुळे नागलोकांची होत आणि आपण त्यांचे वंशज. परमपूज्य बाबासाहेबांनी नागपूर निवडताना नागलोकांचा उल्लेख केला होता, हे सर्वांना माहीत आहे. तथापि जुनापाणीच्या कोणत्याही दगडावर एक अक्षरही कोरलेले नाही. ज्यांनी आपले नाव लिहून ठेवले नाही त्यांना आपण परस्पर नाव देणे योग्य होणार नाही. कोणी त्यांना आर्य म्हणतात, कोणी द्रविड म्हणतात, त्यांचाही आधार तितकाच पातळ आहे. त्यांची भाषा कोणती होती हे ठाऊक नाही. ते लोखंड गाळीत, घोडे पाळीत, शेती करीत, मृतांसाठी राबत, एवढे ठाऊक आहे. हे काही थोडके नाही.

काळाच्या दृष्टीने मात्र एक गोष्ट आपल्या वाचकांना विचार करायला लावणारी आहे. टाकळघाट व नैकुंड येथील कोळशाच्या कार्बन-१४ चाचण्यांवरून इ. स. पूर्व सातवे-सहावे शतक असा काळ निघतो. एकूण संस्कृती त्याच्या आधी सुरू झाली आणि नंतरही काही शतके टिकली. तथागतांचा काळ परंपरेने इ. स. पूर्व ५६३ ते ४८३ मानला जातो. म्हणजे ज्या वर्षांत भगवान बुद्ध मगध आणि कोसलात चारिका करीत होते, त्याच सुमारास नागपूरजवळच्या माळावर माणसे आपल्या सरदारासाठी गोट्यांचे कडे रचीत होती. इतिहासाच्या पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, म्हणून त्या समकालीन आहेत हे आपल्या डोक्यात येत नाही.

स्तूपाचा येथे विचार करणे ओघानेच आले. महापरिनिब्बान सुत्तात आनंदाला सांगितले आहे की तथागतांच्या देहाचे संस्कार चक्रवर्ती राजाप्रमाणे करावेत आणि चार महामार्ग मिळतात तेथे स्तूप उभारावा. याचा सरळ अर्थ असा की थोर माणसाच्या अस्थींवर ढिगारा रचण्याची रीत बुद्धांच्या आधीपासून देशात होती. तिला बौद्धांनी नवा आशय दिला. स्तूप म्हणजे मुळात माती-विटांचा गोल ढिगारा आणि भोवती कठडा. शिळावर्तुळ म्हणजेही गोल ढिगारा आणि भोवती दगडांचे कडे. परंतु जुनापाणीवरूनच स्तूप निघाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कारण थोरांसाठी गोल ढिगारे जगात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे रचले गेले आहेत. फरक मात्र लक्षणीय आहे. वर्तुळात मृताच्या उपयोगासाठी शस्त्रे व घोडा ठेवला जाई आणि एकदा भर घातली की ते बंद. स्तूपात केवळ अस्थी असत, शस्त्र नाही, प्राण्याचा बळी नाही, आणि लोक रोज येऊन त्याला प्रदक्षिणा घालीत. विदर्भात हा बदल पाहावयाचा असल्यास भंडारा जिल्ह्यातील पवनी पाहावी. वैनगंगेच्या काठच्या या गावी १९६९-७० मध्ये डॉ. देव आणि जगत्पती जोशी यांनी उत्खनन करून मोठे स्तूप उजेडात आणले. तेथील कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्या साध्या माणसांची नावे आहेत. सरदाराचेही नाव नसलेल्या माळापासून सामान्य उपासकाचे नाव कोरलेल्या दगडापर्यंतचा प्रवास आपल्याच विदर्भात घडला.

जुनापाणीच्या काही गोट्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नॅक याला त्यांचे फार कुतूहल होते. इंग्लंड-स्कॉटलंडकडच्या दगडांवरही असेच खळगे असल्याने त्याने त्यांची तुलना केली. अलीकडच्या काळात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनीही या खळग्यांच्या दिशांचा अभ्यास केला असून, त्यांचा आकाशनिरीक्षणाशी काही संबंध असावा काय हा प्रश्न मांडला आहे. प्रश्न चांगला आहे. मात्र वृत्तपत्रांत लगेच 'प्राचीन वेधशाळा' असे मथळे येतात, त्यांच्या नादी लागू नये.

या अभ्यासाची सगळी मदार एका गोष्टीवर आहे, ती म्हणजे दगड मूळ जागेवर असणे. माझी नोकरी बँकेत गेली, म्हणून तेथलाच दाखला देतो. व्हाउचरवर रक्कम असते, पण ती कोणत्या खात्याची, कोणत्या तारखेची, हे लेजरमधल्या जागेवरून ठरते. लेजरचे पान फाडून नेले तर व्हाउचर हातात असूनही हिशेब लागत नाही. तसेच वर्तुळाचे आहे. लोखंडी कुऱ्हाड भंगारात किलोच्या भावाने जाईल. ती अस्थींच्या उजवीकडे होती की डावीकडे, घोड्याजवळ होती की मडक्याजवळ, मडक्याच्या वर होती की खाली, यात तिची किंमत आहे. खळगा असलेला गोटा फिरवून ठेवला, की त्याची दिशा कायमची गेली. मूर्ती चोरीला गेली तर शोधून परत आणता येते. वर्तुळ विस्कटले तर तेच दगड तेथे पडून राहिले तरी परत लावता येत नाही.

आणि ती विस्कटत आहेत. नागपूरच्या आसपास हिंगणा, बोरगाव, घोराड, टाकळघाट, उबाळी अशा कितीतरी ठिकाणी शिळावर्तुळांची नोंद आहे. शहर वाढले, कारखाने आले, रस्ते रुंद झाले, माळावर लेआउट पडले. गोटा पायाला उपयोगी, बांधाला उपयोगी, खडीला उपयोगी. ज्या शेतकऱ्याच्या वाट्याला माळच आला आहे, त्याने गोटे वेचून धुऱ्यावर टाकले तर त्याला दोष देता येत नाही, कारण त्याला कोणी सांगितलेलेच नसते. दोष द्यायचा तर गुप्तधनाच्या नादी लागलेल्यांना द्यावा. अमावस्येला लिंबू-कुंकू घेऊन जुन्या जागा उकरणारे महाभाग आपल्या वऱ्हाडातही आहेत. अशा दफनांत सोने क्वचित आणि किरकोळ निघते, गंजलेले लोखंड व खापरे भरपूर निघतात. ज्याला ती वाचता येतात त्यालाच ते धन आहे. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही सर्वांना सांगितले पाहिजे.

संरक्षित म्हणजे नेमके काय, हे पुष्कळांना माहीत नसते. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ या कायद्याखाली राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून जाहीर झालेल्या स्थळाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच करावे लागते. २०१० च्या दुरुस्तीनंतर स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायदा कडक आहे. पण किल्ल्याला दरवाजा असतो, लेण्याला पायऱ्या असतात, पहारेकरी कोठे उभा करायचा ते कळते. माळभर पसरलेल्या तीनशे वर्तुळांना कोठून कोठपर्यंत राखायचे? निळ्या फलकावरची सूचना वाचणाराच नसेल तर फलक गुरांना अंग घासण्यापलीकडे कामाचा राहत नाही.

आपल्या अकोला-अमरावतीकडे अशी वर्तुळे नागपूर-वर्धा-चंद्रपूरच्या मानाने फारच कमी दिसतात. आपल्याकडे आहेत त्या पांढऱ्या. जुन्या गावठाणाचे राखाडी मातीचे टेकाड म्हणजे पांढरी. शेकडो वर्षांच्या चुलींची राख, शेण, भिंतींची माती साचून ते झालेले असते आणि ती माती खत म्हणून शेतात टाकण्याची चाल जुनी आहे. गाडीमागे गाडी भरली जाते आणि तिच्यातून खापरे, मणी, नाणी, विटा शेतात विखुरतात. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे पूर्णेच्या खोऱ्यात अशाच पांढरीत डेक्कन कॉलेजच्या भास्कर देवतारे यांना विटांचा स्तूप मिळाला. ते स्थळ जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. यवतमाळ जिल्ह्यात बाभुळगाव तालुक्यातील पाचखेड येथे नागपूर विद्यापीठाने २०२३-२४ मध्ये उत्खनन करून लोहयुगातील वस्ती उजेडात आणली. तेव्हा नागपूरकडचा लोहयुग आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेला आहे. आपल्या गावच्या पांढरीत काय आहे, हे अद्याप कोणी पाहिलेले नाही.

गावात नांगरताना किंवा विहीर खणताना असे काही निघाले तर ते घरी आणू नये. १८७८ चा निखात निधी अधिनियम आजही लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे त्यानुसार बंधनकारक आहे. तहसील कार्यालयात अर्ज द्यावा, पोच घ्यावी, वस्तू निघाली त्या जागी खूण ठेवावी आणि शक्य तर हलवण्याआधी छायाचित्र घ्यावे.

जुनापाणीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी पावसाळा टाळावा, गवत वाढल्याने कडी दिसत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर जावे. सूर्य तिरपा असताना मधला फुगवटा आणि गोट्यांवरचे खळगे स्पष्ट दिसतात, दुपारी दिसत नाहीत. गोट्यांवर खडूने काही लिहू नये, खापर उचलू नये. व्यास पावलांनी मोजून वहीत टिपावा आणि गोटे किती ते मोजावे. परतताना नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेल्या अजब बंगल्यात, पुरातत्त्व दालन पाहता येईल. ते सोमवारी बंद असते, म्हणून दिवस ठरवताना आधी चौकशी करावी.